थंडी-पावसात खिंडीपलीकडे: सायकलच्या बुटांविषयी

नदीकाठाने चढत जायचं, खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या खोऱ्यात मुक्काम, असा बेत होता. पारा 5 अंशांच्या आसपास आणि सकाळपासून बारीक पण न थांबणारी झड. आम्हा तिघांच्या पायांत तीन तऱ्हांचे बूट होते, त्यामुळे तुलना आपसूकच झाली. अशा हवेत निघणाऱ्यांना ती उपयोगी पडावी.

चढावर कुणाचीच तक्रार नव्हती. अंग तापलेलं, वेग कमी. कस लागतो तो उतारावर. पाय पेडलवर नुसते टेकलेले, स्नायूंना काम नाही, समोरून बोचरा वारा आणि पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी थेट बोटांवर. पाणी हवेपेक्षा वीस पटींहून अधिक वेगाने ऊब ओढून नेतं. मोजा एकदा भिजला की बोटं बधिर व्हायला फार वेळ लागत नाही.

भावाने उन्हाळी रेसिंगच्या बुटांवर निओप्रीनची (रबरासारख्या जाड कृत्रिम कापडाची) कव्हरं चढवली होती. वरून चोख. पण कव्हर तळाशी क्लीटसाठी, म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवणाऱ्या तुकड्यासाठी, उघडं असतं आणि उन्हाळी बुटांच्या तळव्याला हवा खेळण्यासाठी भोकं असतात. खिंडीत त्याने इनसोल (बुटातला सुटा तळवा) उचलून पाहिला, तर खाली चिखलाचा पातळ थर आणि क्लीटच्या बोल्टांभोवती साचलेलं पाणी. असे बूट वापरणारच असाल तर निघण्यापूर्वी आतून बोल्टांची भोकं आणि जाळ्या चिकटपट्टीने बंद करा. कोरड्या थंडीत मात्र हीच जोडी छान चालते.

मैत्रिणीचे बूट घोट्यापर्यंतचे, आत गोर-टेक्सचा जलरोधक थर असलेले. तरीही तिने बूट उलटा केला तेव्हा पाण्याची धार लागली! बूट कुठेही गळत नव्हता. पाणी पायावरून ओघळत वरच्या तोंडातून आत गेलं होतं, कारण तिने पँट बुटात खोचली होती. आणि जो थर पाणी आत येऊ देत नाही, तो आत साचलेलं बाहेरही जाऊ देत नाही. म्हणून विकत घेताना बुटाचं तोंड आधी बघा: घोट्याशी घट्ट बसणारी, मऊ पट्टी हवी. वर रेनपँटची कड बुटाच्या बाहेरून, खाली उतरलेली.

माझेही बूट तसेच हिवाळी, पण नेहमीपेक्षा एक नंबर मोठे. युरोपीय मापात एक नंबर म्हणजे साडेसहा मिलिमीटरांहून थोडं जास्त. जाड लोकरी मोज्याला तेवढी जागा लागतेच. माझ्या मते ही मोकळीक जलरोधक थराइतकीच मोलाची आहे. बूट आवळून बसला की रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही, मग मोजा कितीही महाग असो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, तोच जाड मोजा घालून बूट घालून बघा. पट्टे आवळल्यावरही बोटं मोकळी हलली पाहिजेत. दोन मोजे कोंबू नका. सुती मोजा तर नकोच. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते.

खिंडीच्या अलीकडे दरड कोसळली होती आणि सायकली ढकलाव्या लागल्या. तिथे दोन बोल्टांची, रबरी तळव्यात खोल बसलेली क्लीट किती कामाची ते कळलं. भाऊ त्याच्या तीन बोल्टांच्या क्लीटवर प्रत्येक ओल्या दगडावर घसरत होता. रस्ता खराब असेल तर साधं सपाट पेडल आणि चांगले ट्रेकिंगचे बूट हाही उत्तम पर्याय आहे, त्यात कमीपणा काही नाही. शिवाय धातूची क्लीट तळव्यातून गारवा आत आणते, ती नसली तर तेवढंच बरं.

पुढच्या मडगार्डला खाली लोंबता रबरी फ्लॅप लावा. पायांवर येणारं बरंचसं पाणी तिथेच अडतं.

मुक्कामी पोचल्यावर बूट हीटरला टेकवू नका, गोंद सुटतो आणि तळवा उचकटतो. इनसोल काढून वेगळा ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. झोपण्यापूर्वी आणखी एकदा बदललेत, तर सकाळी बूट घालण्याजोगे होतात.