चटई

आज नव्याचा सण, आम्हा ज्यूंचं नवं वर्ष, सुटला. सणात लिहीत नाहीत, म्हणून दोन दिवसांनी लिहायला बसलेय.

सोमवारी दुपारी आत्यानं माझ्याखालची चटई काढली, गुंडाळली आणि दारामागं उभी केली. "ऊठ गं. आंघोळ कर, सण लागेल." एवढंच. पण तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोरून ती चटई हलत नाही.

शुक्रवारी पप्पांना माती दिली. शनिवारी शब्बाथ, आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस, तेव्हा चारचौघांत शोक नाही, शोकात फाडलेला कुडता बदलायचा. पण तो दिवस शिवाच्या, म्हणजे खाली बसून पाळायच्या शोकाच्या, सात दिवसांत धरतात. रविवारी परत खाली बसले. सोमवारी नव्याचा सण लागला, आणि सण लागला की शिवा तिथंच संपते. राहिलेले तीन दिवस नंतर भरून घेता येत नाहीत. नियम लहानपणापासून माहीत आहे. तरी ते तीन दिवस माझे होते. मला कुणी विचारलं नाही.

दादाचं विमान... जाऊ दे.

त्या रात्री सणाआधीच लावून ठेवलेल्या दिव्यात रब्बी सोलोवेचिक, अमेरिकेतले ज्यू धर्मगुरू आणि विचारवंत, यांचं वाचत बसले. रब्बींचं म्हणणं असं की शब्बाथचा मान कपड्यांत, जेवणात, दिव्यात असतो, त्यामुळं तो पाळूनही आत शोक चालू राहतो. सणाचा आनंद मात्र मनातला, आणि शोकही मनातलाच. दोन्ही एका मनात मावत नाहीत, म्हणून शोकानं उठायचं. वाचून मला रागच आला. मनाला असं उठ म्हणता येतं?

आणि हाच माणूस १९६५ च्या निबंधात दोन आदम शेजारी शेजारी ठेवतो. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातला जग ताब्यात घेणारा, दुसऱ्यातला मातीतून घडवलेला, एकटा. देवाला दोघंही हवेत. बर्लिनला तत्त्वज्ञ हर्मान कोहेनवर प्रबंध लिहिलेला हा माणूस. दोन विरोधी गोष्टी मिटून वरची तिसरी तयार होते, हा जर्मन तत्त्वज्ञ हेगेलचा मार्ग त्याला पाठ होता. तरी तो तिकडं जात नाही. माणूस एका आदमाकडून दुसऱ्याकडं जात राहतो, जिवंत आहे तोवर.

गुरुवारी रात्री पप्पा घरातच होते तेव्हा माझ्यावर प्रार्थनेचंही बंधन नव्हतं. माती व्हायच्या आधी माणूस कोसळला तर हलाखा, म्हणजे आमचा धर्मनियम, त्याला कोसळू देते, माती झाल्यावर उभं राहायला सांगते, असं रब्बींनी लिहिलंय. १९६७ मध्ये त्यांची बायको गेली. ते कसे उठले असतील, हे वाचताना पहिल्यांदा मनात आलं, आणि राग थोडा उतरला. मला उठवणारी आत्यासुद्धा पप्पांची बहीणच. तिचेही तीन दिवस गेले.

आई-वडिलांचा शोक बारा महिने असतो. तो कुणी गुंडाळलेला नाही.

सोमवारी आंघोळ करून स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर गव्हाच्या चिकाच्या हलव्याचं ताट थंड होत होतं. हलवा दरवर्षी पप्पाच घोटायचे, हात भरून आला तरी पळी सोडायचे नाहीत. पातेल्याची खरवड त्यांची. या वेळी शेजारच्या मावशींनी घोटला. आत्यानं माझ्या हातात सुरी दिली. मी वड्या पाडल्या, एकसारख्या. मग पातेलं पुढ्यात ओढलं आणि उलथन्यानं कडेची खरवड काढून तोंडात टाकली. नारळाच्या दुधाची, किंचित करपलेली. गोड लागली. खूप गोड लागली. मी रडत होते आणि पुन्हा उलथनं घालत होते.

आत्यानं बघितलं. काही बोलली नाही, नुसतं पातेलं माझ्याकडं तिरकं करून धरलं.