बी साइडचा रिमिक्स ऐकला काय?

आज राजारामपुरीत मित्राकडं नवीन टेक्नोची (मशीनवर केलेलं, नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) बारा इंची रेकॉर्ड ऐकली आणि अजून डोक्यातनं जाईना. ए साइडला ओरिजिनल, बी साइडला दोन रिमिक्स. ओरिजिनल चांगलाच हाय, पण बी साइडचा पहिला रिमिक्स म्हणजे नाद खुळा! सुरवातीला बराच वेळ नुसता किक (ड्रमचा जड ठोका), मग हळूच हायहॅट (झांजेचा बारीक आवाज), आणि बेस येतो तेव्हा खुर्चीवर बसवतच नाही. ही लांब सुरवात डीजेसाठीच असते बरं का, आधीच्या गाण्याशी बीट जुळवायला वेळ मिळतो, टेक्निक्स १२०० ह्या टर्नटेबलच्या पिच स्लायडरवर (वेग कमीजास्त करायची पट्टी) ८ टक्के मागंपुढं करून. आणि मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या स्पीडला कापलेली रेकॉर्ड असली की सुईखालनं खाच जास्त वेगानं जाते म्हणून वरचे आवाज एकदम स्वच्छ येतात, मध्याकडं जाईल तसा तो वेग कमी होतो आणि हायहॅट जरा मंद होतो, आज कान देऊन ऐकल्यावर ते नीट कळलं.

शिकागोचं हाउस (हे पण नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीतच), डेट्रॉइटमधल्या ह्वान अ‍ॅटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन यांचं टेक्नो, रोलँडचं १९८३ चं ९०९ ड्रम मशीन, आणि आज तोच किक कोल्हापुरात छातीत वाजतोय, मला ह्याचं लई अप्रूप वाटतं. आपल्याकडं मिरवणुकीतल्या आवाजानं बेस अंगात मुरलेलाच हाय, फक्त हे असं शांत बसून ऐकणारी पोरं कमी हाईत.

रविवारी परत लावणार हाय. यायचं असलं तर मेसेज टाका, पण रेकॉर्ड कडेनंच धरायची!