आमची वाटचाल : परिषदेचा पैसा गावापर्यंत कसा पोचतो

फोंड्यात मांडव, खुर्च्या आणि ध्वनिक्षेपक भाड्याने देणं हा आमचा मूळ धंदा. लग्नं, जत्रा, नाटकं यांच्या जोडीला पुढे पणजीतल्या आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांतल्या परिषदा येत गेल्या, आणि हळूहळू त्याच वाढल्या. जून 2023 मध्ये जी-20 च्या पर्यटन कार्यगटाची बैठक गोव्यात झाली आणि ‘गोवा रोडमॅप’ हा शाश्वत पर्यटनाचा आराखडा पुढे आला. तेव्हापासून शाश्वत, सर्वसमावेशक आणि आदिवासी पर्यटन हे शब्द आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मागणीपत्रात दिसतात. आज आमचं बहुतांश काम अशाच प्रादेशिक परिषदांचं आहे. त्या कशा उभ्या करतो, कुठे अडतं आणि का अडतं, ते इथे मांडतो आहोत.

आमचं म्हणणं एकच आहे. या विषयावरची परिषद खरी की नुसती बोलायची, हे भाषणांवरून कळत नाही. खर्चातला किती पैसा कोणत्या गावात उतरला, शेवटी किती किलो कचरा उरला आणि ज्यांच्याविषयी बोलणं चाललं आहे ती माणसं कुठे बसली होती, एवढं पाहिलं की कळतं.

सुरुवात जागेपासून. विषय दक्षिण गोव्यातल्या सांगे, केपे, काणकोण तालुक्यांचा आणि परिषद उत्तरेच्या किनाऱ्यावर कळंगुटला, अशी मागणी आजही येते. नेत्रावळीहून किंवा गावडोंगरीहून माणसं तिथे आणायची तर पहाटे निघावं लागतं आणि घरी परतायला रात्र होते. ज्याची म्हैस दुभती आहे किंवा ज्याचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) शिंपायचं आहे, तो येत नाही. म्हणून आम्ही कुडचड्याचं रवींद्र भवन सुचवतो. सावर्डे-कुडचडे रेल्वे स्थानक जवळ आहे आणि सांगे, केपे दोन्हीकडून बस मिळते. बाहेरून येणाऱ्यांना पहिल्याच पत्रात दाबोळी विमानतळाचं तिकीट काढायला सांगतो. उत्तरेतल्या मोपा विमानतळावर उतरलेला माणूस अख्खा गोवा उत्तर-दक्षिण ओलांडून येतो आणि त्याच्या टॅक्सीच्या भाड्यात एका गावजेवणाचा खर्च निघाला असता.

पाण्याचा हिशोब सोपा आहे, पण तो आधी करावा लागतो. 200 माणसांना 200 मिलिलिटरच्या बाटल्या दिल्या तर दिवसाला माणशी सहा धरून 1,200 बाटल्या होतात, त्यातल्या निम्म्या अर्धवट पिऊन टाकलेल्या. त्याऐवजी माणशी दीड लिटर धरून 300 लिटर, म्हणजे 20 लिटरचे 15 जार. स्वयंपाकी, वाहनचालक आणि मंचावरचे कामगार यांच्यासाठी आणखी पाच. स्टीलचे पेले मात्र 200 पुरत नाहीत. 300 लागतात, कारण धुऊन परत यायला वेळ जातो आणि चहाच्या सुटीत सगळे एकदम येतात. कागदी कप आम्ही बंद केले. त्यांना आतून प्लॅस्टिकचा थर असतो, त्यामुळे ते ओल्या कचऱ्यातही जात नाहीत आणि कागदाच्या रद्दीतही घेत नाहीत.

1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या थाळ्या, कप, चमचे आणि सजावटीचं थर्माकोल यांच्यावर देशभर बंदी आहे. त्याच यादीत 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे फलकही आहेत, हे आयोजकांना बहुतेकदा माहीत नसतं. आम्ही कापडी फलक वापरतो. कापड मध्ये झोळ पडून लोंबतं, ही त्याची अडचण. वर-खाली शिलाईचा बोगदा ठेवून त्यात पाइप घातला की ते ताठ राहतं. साल आणि ठिकाण वेगळ्या पट्टीवर छापायचं, म्हणजे मुख्य कापड पुढच्या वेळीही चालतं.

कचऱ्याचं सांगायचं तर घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी एक चांगली सवय लावली: परवाना नसलेल्या जागी 100 पेक्षा जास्त माणसं जमणार असतील तर पंचायतीला किंवा पालिकेला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवायचं. हे पत्र आम्ही रंगमंदिरात कार्यक्रम असला तरी देतो, कारण त्यानिमित्ताने ओला कचरा नेमका कुठे जाणार हे ठरतं. तो बायोगॅस प्रकल्पात जाणार असेल तर सुपारीच्या विरीच्या (झावळीच्या बुंध्याच्या) थाळ्या त्यात टाकून चालत नाहीत. त्या तंतुमय असल्याने कुजायला वेळ घेतात आणि यंत्रात अडकतात. त्या वेगळ्या काढून कुळागरातल्या खताच्या खड्ड्यात द्यायच्या. जेवणाच्या वेळी प्रत्येक डब्याजवळ एक माणूस उभा हवाच. नुसत्या चित्रांच्या भरवशावर राहिलं तर पहिल्या काही मिनिटांतच सगळं एकत्र होतं, आणि एकदा एकत्र झालेलं कोणी निवडत बसत नाही. शेवटी हाताच्या काट्यावर वजन करून आकडे समारोपाआधी फळ्यावर लिहितो.

स्वयंपाक हा आमच्या कामाचा सर्वांत आवडता भाग आहे आणि सर्वांत कठीणही. गावातल्या महिला बचत गटाला 200 जणांचं जेवण एकदम सांगणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांची भांडी, चुली आणि हात 50-60 पानांच्या मापाचे असतात. म्हणून तीन-चार गटांत पदार्थ वाटतो: एकाकडे उकडा भात आणि पेज, दुसऱ्याकडे खतखतं (कंद आणि भाज्यांची मिसळ), तिसऱ्याकडे अळसांद्यांचं (मोठ्या चवळीचं) तोणाक म्हणजे रस्सा, चौथ्याकडे नाचण्याचं तिजान (गोड पेज) आणि सोलकढी. माणशी 100 ग्रॅम धरून उकडे तांदूळ 20 किलो. ते सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा बरेच उशिरा शिजतात, त्यामुळे साडेबाराला वाढायचं असेल तर दहाला आधण चढलेलं हवं. खतखत्याला लागणारे कंद दिवाळीनंतरच नीट मिळतात. ऑगस्टच्या परिषदेत खतखतं मागितलं तर बाहेरची भाजी घालावी लागते, मग त्यातलं गोव्याचं काय उरलं? त्या दिवसांत पावसाळी भाज्यांचा, तायकिळ्याचा (टाकळ्याचा), अळवाचा बेत करावा. मिरची खोल्याची. तिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काणकोणात डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर ती होते. तिच्या नावाखाली दुसरी मिरची सर्रास विकली जाते, म्हणून दुकानातून न घेता पिकवणाऱ्या बायांकडूनच घेतो.

पैशाची बाजू इथेच बिघडते. मोठे आयोजक बिल दिल्यावर 45 दिवसांनी पैसे देतात. बचत गटाला मात्र तांदूळ, नारळ आणि लाकडं आज रोख घ्यावी लागतात. त्यामुळे निम्मी रक्कम दहा दिवस आधी आणि उरलेली जेवण झाल्याच्या संध्याकाळी, हा आमचा नियम आहे. आयोजकाकडून पैसे उशिरा आले तर ते ओझं आम्ही उचलतो, गटावर टाकत नाही. यासाठी वेगळं खेळतं भांडवल बाजूला ठेवलं आहे. असं काम करू पाहणाऱ्या प्रत्येक लहान व्यावसायिकाने ते ठेवावं. त्याशिवाय या धंद्यात उतरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सर्वसमावेशक म्हटलं की चाकाच्या खुर्चीसाठी उतार आला. 1 ला 12 (उंचीच्या बारापट लांबी) हे प्रमाण सर्वांना पाठ असतं, पण त्याचा अर्थ मंच बांधताना उमगतो. 90 सेंटिमीटर उंच मंचाला 10.8 मीटर लांब उतार लागतो आणि 9 मीटरच्या आत मध्ये सपाट टप्पाही हवा. एवढी जागा कुठल्याच सभागृहात मोकळी नसते. मग उतार आखूड आणि चढा केला जातो आणि दोन माणसं खुर्ची ढकलत वर नेतात. वक्त्याचा मान तिथेच जातो. आम्ही वेगळा मंच बांधतो, फक्त 30 सेंटिमीटर उंच. त्याला 3.6 मीटर पुरतात. मंच ठेंगणा झाला की मागच्यांना दिसत नाही, म्हणून रांगा बाराच्या आत ठेवायच्या आणि पडदा उंच टांगायचा. उतारावर गालिचा घालू नये, तो चाकाखाली गोळा होतो. खरबरीत रबर ठोकावं आणि दोन्ही कडांना पट्टी मारावी.

सांकेतिक भाषेचे दुभाषे दोन लागतात, साधारण 20 मिनिटांनी आलटून-पालटून. पडद्यावर चित्रं दाखवताना सभागृहात अंधार केला की दुभाषा दिसेनासा होतो. त्याच्यावर एक वेगळा दिवा कायम चालू हवा आणि तो बंद करायचा नाही, हे प्रकाशयोजना करणाऱ्याला लेखी सांगायला हवं. अंधांसाठी भाषणांचे कागद स्कॅन करून पाठवले तर त्यांच्या संगणकाला ते वाचता येत नाहीत. टंकलेखित फाइलच द्यावी. जानेवारी 2023 मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला, त्यानंतर गोव्यातल्या आमच्यासारख्या पुरवठादारांना या गोष्टी समजावून सांगण्याचे कष्ट बरेच कमी झाले.

आता आदिवासी पर्यटनाचं सत्र. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना 2003 मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. गवळी-धनगरांची तीच मागणी अजून पूर्ण झालेली नाही, पण डोंगरातली कितीतरी वस्ती त्यांची आहे. तेव्हा निमंत्रणांची यादी सरकारी सूचीवर थांबवू नये. 2012 मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनला झालेल्या परिषदेतून लाराकिया जाहीरनामा निघाला. पर्यटनात भाग घ्यायचा की नाही, किती घ्यायचा आणि कोणत्या व्यवस्थेने, हे त्या त्या मूळनिवासी समाजाने ठरवायचं, हा त्याचा गाभा आहे. आम्ही आयोजकांसमोर तो ठेवतो आणि मग त्यातून काय काय निघतं ते एकेक करून सांगतो.

पहिलं म्हणजे उद्घाटनाला नाच मागायचा नाही. धालो हा नाच-गाण्याचा खेळ पौषातल्या रात्री, गावच्या मांडावर (त्यासाठी राखलेल्या पवित्र अंगणात), बायकांनी खेळायचा असतो. मांड शेणाने सारवलेला असतो, त्यावर चपला घालून जात नाहीत, आणि धालो सुरू करण्याचा व संपवण्याचा विधी असतो. ते ऑक्टोबरात वातानुकूलित सभागृहात दहा मिनिटांत बसवा, असं म्हणणं म्हणजे त्या बायकांच्या श्रद्धेला हात घालणं आहे. काही गावं शिगम्यातली काही गाणी बाहेर म्हणायला तयार असतात, काही नसतात. विचारायचं, आणि नाही म्हणाले तर दुसरं गाव शोधत फिरायचं नाही.

त्या सत्राची वेळ पहिल्या दिवशी सकाळची ठेवायची. समारोपाच्या आधी ठेवलं की निम्मं सभागृह विमानतळाच्या वाटेवर असतं. वक्ता कोकणीत बोलेल आणि भाषांतराचे हेडफोन इतर लावतील. मानधन बाहेरून आलेल्या वक्त्याएवढंच, वर बुडालेल्या रोजाचा आणि प्रवासाचा खर्च. हिशोब खात्याला बिल लागतं, म्हणून साध्या पावतीचा नमुना आम्हीच छापून नेतो आणि पैसे त्याच दिवशी देतो.

क्षेत्रभेटीत आकडा महत्त्वाचा. सत्तरीतल्या बांबर इथली निरंकाराची राय (देवराई) पाहायला एका वेळी दहाहून जास्त माणसं आम्ही नेत नाही. ही गोड्या पाण्याची जायफळकुळातल्या झाडांची दलदल आहे. झाडांची मुळं गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर येतात आणि त्यांतून श्वास घेतात. वरून पाहताना ती वाळकी फांदी वाटते आणि माणूस त्यावर निवांत पाय देतो. साल सोलवटते, भोवतालचा चिखल दाबून घट्ट होतो, आणि नवं रोप त्यात रुजत नाही. देवाची राय म्हणून गावाने कुऱ्हाड लावली नाही, त्यामुळेच ती आज उभी आहे. तिथे पुढे गावचा माणूस आणि मागे एकेरी रांग, दुसरी पद्धत नाही. उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावरची खोदचित्रं पाहायची तर सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर. उथळ रेषा तिरप्या उन्हातच दिसतात. भर दुपारी काही दिसत नाही म्हणून कोणीतरी खडूने रेषा गिरवतो, आणि तो दगडाचा नाश आहे. चपला काठावर काढायच्या.

20 जणांच्या भेटीचा हिशोब आम्ही उघड मांडतो. माणशी 1,500 प्रमाणे 30,000 रुपये. त्यातले बसला 9,000, जेवणाला 7,000, दोन वाटाड्यांना 4,000, गावच्या निधीला 5,000 आणि आम्हाला 5,000. म्हणजे 16,000 गावात राहतात. नाव नोंदवणाऱ्यांतले बरेच जण आदल्या रात्रीच्या मेजवानीनंतर सकाळी बसजवळ येतच नाहीत. गावाला पैसे म्हणून नोंदणीच्या आकड्यावर द्यायचे, आलेल्या माणसांच्या आकड्यावर नाही. अन्न तर शिजलेलंच असतं.

गोष्ट अजून अडते ती घरात पाहुणे ठेवण्यापाशी. पाहुण्यांना पैसे घेऊन ठेवायचं तर 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते आणि त्यासाठी घराचे कागद. मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या) कुटुंबाकडे घरपट्टीची पावती असते, पण जमीन भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या नावावर. जंगलालगतच्या वस्तीत 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे दावे अडकून पडलेले. परिणामी गावातल्या पैसेवाल्याचं किंवा बाहेरून येऊन जमीन घेतलेल्याचं घर नोंदलं जातं आणि ज्यांच्या नावाने पर्यटन चालवायचं ते कुटुंब तिथे स्वयंपाकाला जातं. प्रत्येक परिषदेच्या ठरावाच्या मसुद्यात आम्ही हा मुद्दा घालायला लावतो आणि त्यापुढे दोन रकाने ठेवतो: हे काम कोणत्या अधिकाऱ्याचं, आणि कोणत्या तारखेपर्यंत. रकाने भरल्याशिवाय मसुदा छापायला घेत नाही. छापलेल्या ठरावाची एक प्रत कोकणीत करून खर्चाच्या पूर्ण हिशोबासह 15 दिवसांच्या आत गावच्या ग्रामसभेला देतो.