बोलोन्या ते लुव्हेन : विद्यार्थी-विनिमयाच्या वाटेवरून

परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार करणे फारसे अवघड नसते. त्या कराराखाली गेलेला विद्यार्थी सत्र पूर्ण करून परतावा आणि त्याने तेथे मिळवलेले क्रेडिट (अभ्यासाच्या श्रेयाची एकके) मूळ विद्यापीठाने विनातक्रार मान्य करावेत, हे खरे अवघड काम आहे. ते नेमके कोठे अडते हे पाहण्यासाठी विनिमयाचे काम सांभाळणाऱ्या आम्हा काही अध्यापकांनी इटलीतील बोलोन्या आणि बेल्जियममधील लुव्हेन या दोन विद्यापीठनगरांचा दौरा केला. त्याच वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी ही नोंद आहे.

बोलोन्याच्या विमानतळावरून एकरुळी गाडी काही मिनिटांत रेल्वे स्थानकावर पोहोचवते. तेथून कमानींच्या छायेतून चालत गेले की जुने शहर लागते. विद्यापीठाची स्थापना परंपरेने इ.स. १०८८ ची मानली जाते. आज त्याचे मुख्य कार्यालय व्हिया झांबोनी या रस्त्यावर असले, तरी पाहुण्याने आधी आर्किजिनासिओची इमारत पाहावी. सोळाव्या शतकातील या विद्यापीठ-वास्तूच्या भिंती आणि छत हजारो रंगीत कुलचिन्हांनी भरून गेले आहेत. ढालीच्या आकाराच्या प्रत्येक चिन्हाखाली विद्यार्थ्याचे नाव आणि त्याचा मुलूख लिहिलेला दिसतो. आल्प्सपलीकडून आलेले आणि आल्प्सच्या अलीकडचे अशा दोन मोठ्या गटांत हे विद्यार्थी विभागलेले असत आणि प्रत्येक गटाची स्वतःची संघटना असे. जवळच, चौदाव्या शतकात कार्डिनल आल्बोर्नोझ यांच्या देणगीतून उभे राहिलेले स्पॅनिश विद्यार्थ्यांचे महाविद्यालय आजही त्याच कामासाठी वापरात आहे. परक्या गावात विद्यार्थ्याची राहण्याची सोय लावून देण्याची परंपरा इतकी जुनी असताना, आजच्या कित्येक करारांत निवासाबद्दल एक ओळही नसते, याचे आश्चर्य वाटते.

याच शहरात १९ जून १९९९ रोजी २९ देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि युरोपातील पदव्यांची रचना परस्परांशी जुळवण्याचे काम सुरू झाले. त्याआधी १९८७ पासून इरॅस्मस या युरोपीय विनिमय योजनेतून विद्यार्थ्यांची ये-जा चालू होतीच. तेथील आंतरराष्ट्रीय कार्यालयांत बोलताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. ही मंडळी सामंजस्य कराराला सदिच्छेचा कागद समजतात. त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे कागद दोन. पहिला आंतरसंस्था करार, ज्यात कोणत्या विषयात किती विद्यार्थी, किती महिन्यांसाठी येतील आणि त्यांना भाषेची कोणती पातळी लागेल, हे लिहिलेले असते. दुसरा लर्निंग अ‍ॅग्रीमेंट, ज्यावर विद्यार्थी, पाठवणारी संस्था आणि स्वीकारणारी संस्था अशा तिघांच्या सह्या विद्यार्थी निघण्यापूर्वी होतात. परदेशातील कोणता विषय मूळ अभ्यासक्रमातील कशाच्या बदली धरला जाईल, हे त्यात विषयवार ठरते. परीक्षा मंडळाने ही यादी आधी मान्य केली नसेल, तर विद्यार्थी परतल्यावर वाद अटळ आहे.

क्रेडिटचा हिशेब ही सर्वांत नाजूक बाब. युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम धरले जाते. त्या तासांत व्याख्यानांबरोबर घरचे वाचन, निबंध आणि परीक्षेची तयारीही येते. वर्षाला ४० क्रेडिटची रचना असलेल्या विद्यापीठाने तासांवर बोट ठेवायचे की वर्षाच्या प्रमाणावर, हे आधीच ठरवलेले बरे. माझ्या मते प्रमाणच धरावे, कारण पूर्ण सत्र मन लावून शिकलेल्या विद्यार्थ्याला पूर्ण सत्राचे श्रेय मिळाले पाहिजे. गुणांचेही तसेच. इटलीत ३० पैकी १८ गुणांना उत्तीर्ण धरतात आणि ३० च्या वर ‘लोदे’ हा विशेष सन्मान असतो. तेथील २७ म्हणजे ९० टक्के असे सरळ गणित करणे चुकीचे ठरते. त्या विभागात किती जणांना कोणते गुण मिळतात त्याचा तक्ता मागवावा आणि त्याच्याशी ताडून रूपांतर करावे. इटलीत अनेक विषयांची परीक्षा तोंडी असते, हे विद्यार्थ्यांना निघण्यापूर्वीच सांगावे. लेखी उत्तरांत तरबेज असलेली मुलेही प्राध्यापकांसमोर बसून बोलताना गांगरतात.

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्याला ९० दिवसांपेक्षा अधिक राहायचे असल्यास शेंगेन व्हिसा (अनेक युरोपीय देशांत चालणारा अल्प मुदतीचा व्हिसा) पुरत नाही. त्या देशाचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा काढावा लागतो. इटलीत पोहोचल्यावर कामकाजाच्या आठ दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करणे बंधनकारक आहे. त्या अर्जाच्या कागदांचे पाकीट ठरावीक टपाल कार्यालयांत मिळते. खोलीचा भाडेकरार करायला इटलीचा कर-क्रमांक लागतो, म्हणून तो आधीच मिळवावा. बोलोन्यात खोल्यांची टंचाई आहे. तेव्हा प्रवेशपत्र हाती येताच शोध सुरू करावा आणि खोली न पाहता कोणालाही पैसे पाठवू नयेत.

ब्रसेल्स विमानतळावरून लुव्हेन रेल्वेने जेमतेम पाव तासावर आहे. १४२५ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे ग्रंथालय ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने जाळले. अमेरिकेतील देणग्यांतून ते पुन्हा उभे राहिले. देणगी देणाऱ्या महाविद्यालयांची आणि शाळांची नावे त्याच्या दगडांत कोरलेली आहेत. १९४० मध्ये ते दुसऱ्यांदा जळाले आणि पुन्हा बांधले गेले. भाषेच्या वादातून १९६८ मध्ये विद्यापीठाची फाळणी ठरली आणि फ्रेंच विभाग नव्याने वसवलेल्या लुव्हेन-ला-नव्हला गेला. पदवीचे बहुतेक शिक्षण डच भाषेत, तर पदव्युत्तर स्तरावर इंग्रजी अभ्यासक्रम भरपूर, अशी आजची स्थिती आहे. त्यामुळे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी करार करण्यापूर्वी इंग्रजीतून मिळणाऱ्या विषयांची त्या वर्षाची यादी पाहावी.

निधीबाबत एक सूचना. इरॅस्मस प्लस या इरॅस्मसच्या आजच्या योजनेत युरोपबाहेरील भागीदारांशी विनिमयासाठीचा अर्ज युरोपीय संस्थेला आपल्या देशात ही योजना राबवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे करावा लागतो. बाहेरच्या संस्थेला तो स्वतः करता येत नाही. याच योजनेतील संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी तीन वेगवेगळ्या देशांतील किमान तीन संस्था एकत्र याव्या लागतात. म्हणून कुलगुरूंच्या भेटीपेक्षा, तेथे अर्ज लिहायला तयार असलेला एखादा विभागप्रमुख गाठणे अधिक फायद्याचे ठरते. भेटीसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ उत्तम, कारण वर्ग चालू असतात आणि पुढील वर्षाच्या अर्जाची तयारी सुरू व्हायची असते. ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नये. इटलीतील कार्यालये त्या महिन्यात जवळजवळ ओस पडलेली असतात.