काळ्या रानाची गोधडी: कापड आटवणं आणि रंगवणं एकाच पातेल्यात

मंडळी, काळ्या रानाच्या गोधडीचा पुढचा टप्पा झाला, त्याचं लिहितेय. भिंतीवर टांगायचा पीस आहे, विषय म्हणजे आपलं मंगळवेढ्याकडचं रान, मालदांडी ज्वारी निघाल्यावर उन्हानं भेगाळलेलं. आत बॅटिंग (गोधडीत घालतात तो भराव), फायबर काहीच घातलेलं नाहीये, वर आलेला सगळा उठाव फक्त कापड आटवून आणलाय आणि मला याच्यावरच सविस्तर बोलायचंय.

क्विल्टिंग शिकताना पहिला नियम सांगतात की कापड आधी धुवून घ्या. अंथरायच्या-पांघरायच्या गोधडीला ते बरोबरच आहे, पण टेक्स्चर पाहिजे असेल तर कोरं कापड न धुता वापरा असं मी म्हणेन. मागावर सूत ताणलेलं असतं, गरम पाण्यात तो ताण सुटतो आणि कापड आटतं, कोरा मांजरपाट पहिल्या उकळीला शेकडा पाच ते दहा सहज आटतो, ताण्याच्या म्हणजे उभ्या धाग्यांच्या बाजूनं जास्तच. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एक अक्का आहेत, आयुष्य मागावर गेलंय त्यांचं, त्यांना नमुना दाखवला तर हात लावूनच म्हणाल्या, "ताणा उभा धर की, सुरकुती आडवी पडतीय बघ." तेव्हापासून मी प्रत्येक तुकड्यावर ताण्याची दिशा पेन्सिलीनं मारूनच घेते.

तर खाली कोरा मांजरपाट आणि वर धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं धोतर, ते आता काही आटत नाही. दोन्ही एकावर एक ठेवून भेगांचं जाळं शिवलं, पाच-सहा कोनांचे वेडेवाकडे घर, काही मोठे काही अगदी छोटे. मोठे घर मशीनवर फ्री मोशननं (कापड हातानं हवं तसं फिरवत) आणि छोट्यांना हातानं धावदोरा, कारण हाताच्या टाक्याला कापड जरा सैल फुगतं. मग पूर्ण पीस धुण्याचा सोडा टाकून उकळला. यात दोन कामं एकदम होतात, मांजरपाटाची खळ निघते (ती राहिली की रंग डागाडागानं बसतो) आणि खालचं कापड आटून वरचं धोतर प्रत्येक घरात ढेकळासारखं वर येतं. खऱ्या रानातपण हेच होतं ना, काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते आणि आकसली की चिरते, म्हणून मला ही पद्धत या विषयाला इतकी चपखल वाटते की रंगापेक्षा जास्त वेळ मी यातच घालवलाय.

आता रंग. डाळिंबाची साल, अजून काय! सोलापुरात राहून दुसरं काय वापरणार, २०१६ ला आपल्या डाळिंबाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय आणि ज्यूसवाल्याकडं साली पोत्यानं पडून असतात. भगवा जातीच्या डाळिंबाची साल लाल दिसली तरी रंग पिवळाच उतरतो, तुरटीबरोबर तर छान हळदुला. मला काळं पाहिजे होतं म्हणून सालीच्या आणि थोड्या हिरड्याच्या काढ्यात पीस रात्रभर भिजवला आणि सकाळी हिराकसच्या (लोखंडाच्या क्षाराच्या) पाण्यात सोडला. डोळ्यांसमोर पिवळ्याचं राखाडी आणि राखाडीचं काळपट होतं, कितीही वेळा बघितलं तरी मन भरत नाही. हिराकस मात्र हात राखून टाका, कोरड्या कापडाच्या वजनाच्या शेकडा दोनच्या वर मी जात नाही, जास्त झालं की सुती धागा कालांतरानं कमजोर होतो. भेगांच्या शिवणीवर तेच पाणी बारीक ब्रशनं परत फिरवलं, त्यामुळं खोली आली. नंतर खळाखळा धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत.

दोऱ्याचं पण सांगते. भेगांना सुती दोरा घेतलाय कारण तो कापडाबरोबर रंग पितो, पॉलिस्टरला या रंगाचं काही देणंघेणं नसतं, पांढरा तो पांढराच राहतो. हेच धरून खालच्या कोपऱ्यात मुद्दाम पॉलिस्टरनं दाट टाके घातलेत, तिथं क्षार फुटलेली चोपण जमीन दिसायला लागलीय. काळ्यावर ते टाके इतके उठून दिसतात की मी खूश आहे.

धसकटांसाठी चादरीच्या कटपीसमधलं सूत उसवून, पिळून वरून टाचायला घेतलंय. बांधाला टेरी टॉवेलचे तुकडे, त्यातले काही फासे (वर निघालेले दोऱ्याचे वेढे) कापले आणि काही तसेच ठेवले, एकाच पातेल्यातून निघूनही कापलेला भाग जास्त गडद दिसतो, उजेड आत अडकतो म्हणून. टॉवेलपण कोराच घ्या, तोही चांगला आटतो.

पुढं लिंबूसत्त्वाचं पाणी ब्रशनं लावून काही ढेकळांचे माथे उजळवायचेत, आंबटानं लोखंडाचा काळा उतरतो, छोट्या तुकड्यावर करून बघितलंय आणि सुंदर तांबूस-पिवळट छटा आली. कुणी या काळ्यावर नीळ चढवली असेल तर नक्की सांगा, वरच्या पट्टीत संध्याकाळचं आभाळ घ्यायचंय, आणि नीळ आधी की हिराकस आधी हे ठरवल्याशिवाय मी ते कापड भिजवणार नाहीये.