तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गात न बसता पदवी?

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं असताना कुणीतरी हमखास विचारतं, "तुम्ही म्हणे परीक्षा देऊनच पदवी मिळवलीत? कॉलेजात न जाता?" विचारणाऱ्या बऱ्याचदा माझ्यासारख्याच असतात. लग्न करून अमेरिकेत आलेल्या, तिकडचं शिक्षण अर्धवट राहिलेल्या, मुलं शाळेत जाऊ लागल्यावर मागे वळून बघणाऱ्या. कधी एखादे काका असतात आणि त्यांच्या स्वरात थोडा संशय असतो. दोघांनाही रांगेत ताट हातात धरून नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे देते.

आधी हिशेब सांगते, कारण मी हिशेबनीस आहे. अमेरिकेत बॅचलर्स पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. क्रेडिट म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचं माप, एका विषयाला सहसा तीन. माझी ५७ क्रेडिट एफ.वाय. आणि एस.वाय. बी.कॉम.च्या मार्कशीटवरून आली. २४ परीक्षांमधून मिळाली. ६ नोकरीत शिकलेल्या कामाची. उरलेली ३३, म्हणजे ११ विषय, मी संध्याकाळी आणि ऑनलाइन रीतसर वर्ग करून मिळवली. तेव्हा "कॉलेजात न जाता" हे खरं नाही. पण मार्कशीटनंतर उरलेलं सगळं काम मी नोकरी सांभाळून अडीच वर्षांत उरकलं, हे खरं आहे.

यातल्या २४ क्रेडिटबद्दलच सगळ्यांना कुतूहल असतं. ती क्लेप (कॉलेज-लेव्हल एग्झामिनेशन प्रोग्राम) नावाच्या परीक्षांची. कॉलेज बोर्ड ही संस्था १९६७ पासून या परीक्षा घेते. विषय तीसहून अधिक, बहुतेक पेपर दीड तासाचे, संगणकावर, पर्यायांतून उत्तर निवडायचं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे रिकामी जागा सोडणं हा शुद्ध वेडेपणा. गुण २० ते ८० या पट्टीवर मिळतात आणि बहुतेक विषयांत ५० ला क्रेडिट द्यावं अशी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या कॉलेजांच्या संघटनेची शिफारस असते. फी शंभर डॉलरच्या आसपास, वर परीक्षा केंद्राची वेगळी. तेवढ्याच विषयाचा वर्ग करायचा तर बऱ्याच कॉलेजांत हजाराच्या पुढे. मॉडर्न स्टेट्स नावाची एक ना-नफा संस्था तयारीचे मोफत कोर्स देते आणि कोर्स पूर्ण केलात तर परीक्षेच्या फीचं व्हाउचरही. मी दोन परीक्षा त्यांच्या जिवावर दिल्या.

ही सोय कुणी दयेपोटी काढलेली नाही. दुसऱ्या महायुद्धातून लाखो तरुण परतले, १९४४ च्या जीआय बिलामुळे, म्हणजे सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलणाऱ्या कायद्यामुळे, कॉलेजांच्या दारात आले, आणि फौजेत रेडिओ दुरुस्त करायला शिकलेल्या माणसाला पुन्हा पहिल्या धड्यापासून बसवायचं का, हा प्रश्न उभा राहिला. शिक्षण कुठे झालं यापेक्षा झालंय की नाही हे तपासायची पद्धत तिथून रुजली. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि कनेक्टिकटमध्ये तर खास नोकरदार प्रौढांसाठीच अशी कॉलेजं निघाली. आज त्यांची नावं थॉमस एडिसन, एक्सेल्सियर आणि चार्टर ओक.

आता माझा मूर्खपणा. सुरुवात केली तेव्हा उत्साह इतका होता की कॉलेज ठरायच्या आधीच मी मॅक्रोइकॉनॉमिक्सची परीक्षा देऊन टाकली. विषय ओळखीचा, बी.कॉम.ला केलेला. महिनाभर रात्री वाचलं, ६१ गुण मिळाले, आणि पेपर संपताच पडद्यावर आकडा दिसला तेव्हा मी त्या केंद्रातल्या शांत खोलीत टाळी वाजवली. पुढे कॉलेजात नाव घातलं. भारतातल्या मार्कशीटचं विषयवार मूल्यांकन होऊन आलं. त्यात एफ.वाय.चं अर्थशास्त्र त्यांच्या त्याच विषयाच्या बरोबरीचं धरलेलं. एकाच विषयाचं क्रेडिट दोनदा मिळत नाही. माझ्या ६१ गुणांची किंमत शून्य.

कॉलेजातल्या ॲडव्हायजर, म्हणजे विषय निवडायला मार्गदर्शन करणाऱ्या बाई, शांतपणे म्हणाल्या, "परीक्षा आम्ही घेत नाही, पण क्रेडिट आम्ही देतो." सगळी मेख इथेच आहे. क्लेपचा कागद म्हणजे चेक नाही. तो कुठल्या कॉलेजात वटेल, कुठल्या खात्यात जमा होईल, हे ते कॉलेज ठरवतं. एखादं कॉलेज ५० ला क्रेडिट देतं, दुसरं त्याच विषयाला जास्त गुण मागतं, तिसरं घेतच नाही. आणि घेतलं तरी प्रश्न उरतो: कशासाठी घेतलं? पदवीच्या आराखड्यात खण पाडलेले असतात. लेखन, गणित, विज्ञान, समाजशास्त्रं, मुख्य विषय, आणि शेवटी "काहीही चालेल" असा ऐच्छिक खण. भारतातून आलेल्या क्रेडिटनी हा शेवटचा खण आधीच काठोकाठ भरतो. मग तुम्ही आणखी तीन परीक्षा पास झालात तरी त्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, दिसतात आणि पदवी तसूभरही पुढे सरकत नाही.

म्हणून आता कुणी विचारलं "कुठल्या परीक्षेपासून सुरुवात करू?" तर मी म्हणते, कुठल्याच नाही. आधी कॉलेज, मग मार्कशीटचं मूल्यांकन, मग रिकाम्या खणांची यादी, ती ॲडव्हायजरकडून ईमेलवर लेखी, आणि मग परीक्षा. फोनवर कुणी "हो हो, चालेल" म्हटलं तर गोड बोलून तेच वाक्य ईमेलवर मागायचं. शिवाय किमान किती क्रेडिट त्यांच्याकडेच करावी लागतात हेही विचारायचं. पुष्कळ ठिकाणी हा आकडा ३० च्या आसपास असतो. क्लेपची क्रेडिट खालच्या पातळीची, म्हणजे पहिल्या दोन वर्षांची धरतात. अकाउंटिंगचे वरच्या पातळीचे विषय मला क्लेपने मिळाले नसते, आणि खरं सांगायचं तर मिळू नयेतच.

परीक्षांविषयी फार सांगण्यासारखं नाही. कॉलेज अल्जिब्रा सोपा गेला. बारावीला गणित घेतलेल्या कुणालाही जाईल, आणि पडद्यावर कॅल्क्युलेटर असतो. नॅचरल सायन्सेसने एकदम ६ क्रेडिट दिली, मुलाची दहावीची पुस्तकं घरात पडलेली होती. सायकॉलॉजी आणि इन्फर्मेशन सिस्टिम्स पाठांतरावर निघाले. अमेरिकन गव्हर्नमेंटने मात्र दणका दिला. इतकी वर्षं इथे राहतोय, बातम्या बघतोय, नागरिकत्वाची मुलाखतही दिलेली, तर काय अवघड असणार, या समजात गेले आणि ४६ घेऊन आले. समित्या, न्यायालयांचे निवाडे, नोकरशाही कुणाला जबाबदार, यातलं काहीही बातम्या बघून येत नाही. नापास झालात तर तोच पेपर पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागतं. थांबले, वाचलं, दुसऱ्यांदा ५७. भाषांचं म्हणाल तर क्लेपमध्ये स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मन एवढ्याच. मराठी नाही. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलाय, म्हणून लिहिलं.

मला जास्त बोलायचंय ते त्या सहा क्रेडिटबद्दल. दिसायला सगळ्यांत कमी आणि कष्टाला सगळ्यांत जास्त. याला पोर्टफोलिओ म्हणतात. एखादा विषय तुम्ही कामातून शिकला असाल आणि तो कॉलेजच्या एखाद्या कोर्सशी जुळत असेल, तर पुरावे जोडून, लांबलचक निबंध लिहून ते सिद्ध करायचं. तो विषय शिकवणारे प्राध्यापक वाचून ठरवतात.

मी एका छोट्या फर्ममध्ये नऊ वर्षं पगारपत्रकं करत होते. मला वाटलं हे तर हातचं. पहिला मसुदा असा होता: दर दोन आठवड्यांनी बारा माणसांचा पगार काढते, दर तिमाहीला पगारातून कापलेल्या करांचा ९४१ फॉर्म भरते, ३१ जानेवारीच्या आत सगळ्यांना वर्षाच्या पगाराचे आणि कराचे दाखले, म्हणजे डब्ल्यू-२, देते, नऊ वर्षांत एकदाही दंड लागलेला नाही. सोबत साहेबांचं कौतुकाचं पत्र. मसुदा परत आला. शेरा थोडक्यात असा होता की हे कामाचं वर्णन झालं, तुम्ही काय शिकलात ते कुठे आहे?

मला राग आला. नऊ वर्षांवर एका ओळीचा शेरा! दोन दिवस मी त्या फाइलला हात लावला नाही. मग कोर्सची उद्दिष्टं समोर ठेवून एकेक वाचत गेले. त्यात एक होतं, कर्मचारी आणि स्वतंत्र कंत्राटदार यांतला फरक स्पष्ट करता येणे. आमच्याकडे ऑफिस झाडायला येणाऱ्या बाईंना मी वर्षाअखेर १०९९ नावाचा फॉर्म देत असे, म्हणजे कंत्राटदार धरत असे. का? साहेबांनी पहिल्या वर्षी सांगितलं म्हणून. नऊ वर्षं मी तो कागद बरोबर भरला होता आणि तो त्यांना का द्यायचा, हे मला माहीत नव्हतं.

मग आयआरएसचे, म्हणजे इथल्या आयकर खात्याचे, नियम उघडले. काम कसं करायचं हे कोण ठरवतं, सामान कुणाचं, पैसे कसे ठरतात, दुसरीकडे काम करायची मोकळीक आहे का, संबंध कायमचा की तेवढ्यापुरता, असं सगळं पारखून बघायचं असतं. त्या बाईंची स्वतःची यंत्रं होती, आणखी चार ऑफिसं होती, वेळ त्या ठरवत. म्हणजे साहेबांचं बरोबर होतं. पण आमच्याकडे आठवड्याचे तीन दिवस ठरलेल्या वेळी, आमच्याच संगणकावर, साहेब सांगतील तसं काम करणारा एक मुलगाही होता आणि त्यालाही १०९९ जात होता. त्याच्या बाबतीत मला शंका आली. मी साहेबांना दाखवलं, त्यांनी त्यांच्या सीपीएला, म्हणजे सनदी लेखापालाला, विचारलं, आणि पुढच्या महिन्यापासून तो मुलगा पगारपत्रकावर आला. त्याच्या सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शनचे) ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे (म्हातारपणीच्या सरकारी आरोग्यविम्याचे) १.४५ टक्के आता मालकाच्या खिशातूनही जाऊ लागले. साहेब आठवडाभर माझ्याशी जरा तुटक बोलत होते.

दुसऱ्या मसुद्यात मी हेच लिहिलं, नावं गाळून. तो मान्य झाला. अनुभवाला क्रेडिट नाही, शिकण्याला आहे, हे त्या पद्धतीचं मूळ सूत्र सगळ्या माहितीपत्रकांत छापलेलं असतं आणि मी ते तीनदा वाचलेलंही होतं.

राहता राहिला काकांचा प्रश्न. ही पदवी "खरी" का? कागदावर फरक काही दिसत नाही. परीक्षेच्या क्रेडिटपुढे ग्रेड नसते, ती जीपीएमध्ये, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरत नाहीत, बाकी पदवी तीच. नोकरीत मला कुणी विचारलं नाही. पण काहीच गमावलं नाही असंही मी म्हणणार नाही.

कॉलेज कॉम्पोझिशनची परीक्षा देऊन मी लेखनाची ६ क्रेडिट घेतली. सत्तर मिनिटांत दोन निबंध, आणि त्याशिवाय पर्यायांतून उत्तर निवडायचे प्रश्न. निबंध प्राध्यापक तपासतात म्हणून निकालाला वेळ लागतो. पास झाले आणि इंग्रजी लिहिण्याचा विषय माझ्या दृष्टीने संपला. वर्षभराने ऑडिटिंगच्या वर्गात वीस पानी पेपर लिहायचा होता. सत्तर मिनिटांत मत मांडणं वेगळं आणि तीन आठवडे लायब्ररीचे लेख धुंडाळून, त्यांतले एकमेकांना खोडणारे दोन समोरासमोर ठेवून, आपलं म्हणणं उभं करणं वेगळं. वर्गातल्या मुलांनी हे पहिल्या वर्षी सहा-सहा महिने घासून शिकलेलं होतं. मी ते शंभर डॉलरमध्ये ओलांडून आले होते. माझा मसुदा प्रोफेसरांनी पहिल्या चार पानांवरच थांबवला आणि कॉलेजच्या रायटिंग सेंटरमध्ये जा म्हणाले.

तिथे मला शिकवायला बसली ती एकोणीस वर्षांची मुलगी, माझ्या मुलाहून दोन वर्षांनी लहान. तिने माझी पानं पुढे ओढली, पेन्सिल काढली आणि पहिल्या परिच्छेदावर बोट ठेवून विचारलं, "यात तुमचं म्हणणं कुठलं?" त्या गुरुवारपासून सलग पाच गुरुवार मी तिच्याकडे गेले.