परड्यातलं माणग्याचं बेट

कुडाळजवळच्या आमच्या परड्यात गडग्यालगतचा पट्टा रिकामा होता. तिथे बांबू लावायचं ठरलं तेव्हा आईची अट एकच, काटेरी नको. म्हणून माणगा. त्याची काठी बुडाकडे जवळजवळ भरीव असते, बी शोधत बसावं लागत नाही, कंदासकट काढलेली काठी लावली की झालं. शिवाय तो बेटानेच वाढतो, मुळं पसरवत शेजाऱ्याच्या अंगणात घुसत नाही.

मृगात लागवड केली. दोन-दोन फुटांचे खड्डे, तळाला शेणखत, मध्ये बारा फुटांचं अंतर. आमच्याकडची थंडी त्याचं काही बिघडवत नाही. कस लागतो तो फेब्रुवारीनंतर. जांभ्याच्या मातीत पाणी ठरत नाही, म्हणून पाऊस येईपर्यंत पाणी द्यायचं आणि बुंध्याशी पाचोळ्याचा जाड थर ठेवायचा.

सुरुवातीचे कोंब पेन्सिलीएवढे आले. बायको हसली. पण बांबूची काठी पहिल्याच हंगामात पुरी उंची गाठते आणि पुढे जाडही होत नाही. बेट जोर धरतं तसे दर पावसाळ्याचे नवे कोंब जाड येतात. तेव्हा आलेली बारीक काठी जाड व्हावी म्हणून खत उधळण्यात अर्थ नाही. माकडांपासून कोंब राखण्यात मात्र निम्मा श्रावण गेला.

खरं काम तोडणीचं. नवे कोंब बेटाच्या बाहेरच्या अंगाने येतात. त्यामुळे हाताशी असते ती कोवळी काठी आणि तयार काठी मधोमध अडकलेली. कोयता उचलला तोच शेजारचे तात्या गडग्यावरून ओरडले, "भायले पोरगे असत, तेंका हात लावू नको! आतले म्हातारे काढ." कोवळीवर पांढरी भुकटी असते, तीन वर्षांच्या जून काठीवर राखाडी डाग. एका बाजूने वाट करून आत शिरलो आणि जमिनीलगतच्या गाठीच्या अगदी वर तोडत गेलो. खाली खोलगट बुडखा राहिला तर त्यात पाणी साचतं.

तात्या अवस बघून तोडतात, मी फक्त हिवाळा बघतो. तेव्हा काठीत पिष्ट कमी असतं, भुंगा कमी लागतो. तरीही काठ्या व्हाळात दगडांखाली पंधरवडाभर बुडवून ठेवल्या, मग सावलीत उभ्या वाळवल्या.

उरलेल्या काठ्या टेम्पोने मामाकडे सावंतवाडीला पाठवल्या. वाटेत पास मागतील म्हणून मामी धास्तावलेली. पण १९२७च्या वन कायद्यात बांबू 'झाड' धरला जायचा, तो २०१७च्या दुरुस्तीने वगळला. खासगी जमिनीतल्या बांबूला आता वाहतूक पास लागत नाही. मामाने त्या काठ्यांवर दोडक्याचा मांडव घातला आणि आता कंद मागतोय. मे अखेरीस, नवे कोंब फुटायच्या आधी काढून देईन.